मोठ्यांच्या लसीकरणाची तयारी, मृग लागायच्या आत

फ्लूची लस टोचल्यावर तिचा गुण यायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पाऊस स्थिरावला की जुलै ते सप्टेंबर फ्लूचे पेशंट वाढतात. म्हणून फॅमिली डॉक्टरने मोठ्यांच्या लसीकरणाची तयारी एप्रिलअखेर हाती घ्यावी आणि मृगाच्या आत उरकावी. माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. तिथे मी ज्या क्रमाने ही कामं करते, त्याच क्रमाने लिहिते आहे. लोक लस नको म्हणतात, असं आपण डॉक्टर एकमेकांना सांगत असतो. माझा अनुभव असा, की बहुतेकांना आपण कधी विचारलेलंच नसतं.

सुरुवात केसपेपरच्या कपाटापासून. दुपारी गर्दी ओसरली की सिस्टरला घेऊन बसायचं आणि चाळायला लागायचं. मधुमेह, दमा, हृदयविकार, किडनीचा आजार, स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू असलेले, प्लीहा काढलेले, गरोदर बायका आणि साठी ओलांडलेले सगळे. अशा प्रत्येक केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल टिकली चिकटवायची आणि तिच्याखाली राहिलेल्या लसींची नावं पेन्सिलीने लिहायची. हे काम आठवडाभर पुरतं, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

कुणाला काय, याचा एक कागद टेबलाच्या काचेखाली असू द्या. फ्लूची लस दरवर्षी, आणि खोक्यावरचं साल बघून, कारण तिच्यातले विषाणू बदलत असतात. न्यूमोनियाच्या लसीचे प्रकार अनेक, म्हणून तिच्यात सगळ्यांचाच गोंधळ होतो. पीसीव्ही २० मिळाली तर एका डोसात काम होतं. पीसीव्ही १३ दिली असेल तर वर्षभराने पीपीएसव्ही २३ द्यायची, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र आठ आठवड्यांनीच. फ्लू आणि न्यूमोनिया एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत देता येतात. नागिणीची नवी लस आपल्याकडे २०२३ मध्ये आली. ती पन्नाशीनंतर, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे, तेव्हा किंमत आधीच सांगून टाका. हिपॅटायटिस बीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. डोस लांबला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिला तिथून पुढे जायचं. किडनी बिघडू लागलेल्याला ही लस डायलिसिसची वेळ येण्याआधी द्या. डायलिसिस सुरू झाल्यावर डोस दुप्पट लागतो आणि तरीही लस कमी लागू पडते.

धनुर्वाताबद्दल थोडं सविस्तर. पत्रा लागला, काटा रुतला की माणूस येऊन ‘टीटी मारा’ म्हणतो आणि आपण मारतो. आता टीटीऐवजी टीडी वापरायची, म्हणजे घटसर्पाचंही संरक्षण मिळतं. तीन डोसांचा मूळ कोर्स पूर्ण झालेला असेल तर स्वच्छ, लहान जखमेसाठी दहा वर्षांच्या आत पुन्हा डोस लागत नाही. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल तर ही मुदत पाच वर्षांची. पण शेतावर राबणाऱ्या कित्येक म्हाताऱ्यांचा मूळ कोर्सच झालेला नसतो. जखम घेऊन आला तो दिवस तो कोर्स सुरू करण्याचा.

वारीला जाणाऱ्यांची नावं वेगळी काढा, दिंडी हलायच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांची फ्लू आणि टीडी झालेली हवी. हजला जाणाऱ्यांना मेनिंगोकोकलची लस सक्तीची आहे आणि ती पोचण्याच्या किमान १० दिवस आधी लागते. आफ्रिकेत निघालेल्याला पिवळ्या तापाची लस फक्त अधिकृत केंद्रावर मिळते, तिथे चिठ्ठी देऊन पाठवा.

आता फ्रीज. इथे मी चूक केली आहे. एका हिवाळ्यात सकाळी दार उघडलं तर हिपॅटायटिस बीच्या कुप्या मागच्या भिंतीला टेकून गोठल्या होत्या. ही लस आणि टीडी गोठली की वाया जाते, वितळल्यावर कितीही चांगली दिसो. उरलेल्या कुप्या टाकून दिल्या. आदल्या दोन दिवसांत त्याच खोक्यातून ज्या तिघांना दिली होती त्यांना फोन करून बोलावलं, झालं ते सांगितलं आणि पैसे न घेता पुन्हा डोस दिला. तेव्हापासूनचा नियम असा: तापमान २ ते ८ अंश, थर्मामीटर आत, वही दाराला टांगलेली, सकाळ-संध्याकाळ नोंद, रविवारीसुद्धा. लस मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं लांब. दाराच्या कप्प्यात लस नाही, फक्त पाण्याच्या बाटल्या, म्हणजे वीज गेली तरी गारवा टिकतो. डबा, दूध, फुलं काही नाही. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये आणि त्यावर मराठीत ठळक ‘बंद करू नये’, कारण झाडणाऱ्या मावशी काटकसर म्हणून बटण बंद करतात. वीज गेली की दार उघडायचं नाही. दोन-तीन तासांत येणार नसेल तर इन्व्हर्टर असलेल्या कुठल्या मेडिकलमध्ये लस हलवायची, ते आजच बोलून ठेवा. शहरातून लस आणताना आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच डब्यात घालू नका. कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मग लावा.

यानंतर बोलण्याची तयारी, आणि हीच सगळ्यात कमी केली जाते. ‘लस घ्यायची का?’ असं विचारलं की माणूस ‘बघू’ म्हणतो. ‘काका, तुम्हाला शुगर आहे, यंदाची फ्लूची लस आज देऊन टाकू या’ म्हटलं की काका बाही वर करतात. लाल टिकली दिसली की कंपाउंडरने केसपेपर वर ठेवायचा, बीपी बघताना सिस्टरने विषय काढायचा आणि शेवटचा शब्द डॉक्टरचा. तिघांचं बोलणं एकच हवं. ‘लस पोरांची असते’ म्हणणाऱ्या आजींना मी २०२१ मधली रांग आठवायला सांगते. वेळ असला तर हाफकिनचीही गोष्ट सांगते. मुंबईत प्लेग असताना त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि तेव्हा ते छत्तिशीचे होते. कोरोनाच्या लसीनंतर काही त्रास झाला असं कुणी सांगितलं तर वाद घालू नका. काय झालं, किती दिवसांनी, हे विचारून केसपेपरवर लिहा. ऐकून घेतलेला माणूस पुढच्या वेळी परत येतो.

टोचण्याच्या खोलीत अ‍ॅड्रिनलिन (लसीची जोराची अ‍ॅलर्जी आली तर द्यायचं इंजेक्शन) आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, ते बघा. १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. हे भिंतीवर लिहा, त्या क्षणी आठवत नाही. लस बसवूनच द्या आणि पंधरा मिनिटं बसवून ठेवा, चक्कर येऊन पडणारे तरुणच जास्त असतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर बारीक सुई वापरा आणि दोन मिनिटं न चोळता दाबून धरा. साधी सर्दी हे लस टाळायचं कारण नाही. गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना जिवंत लस, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत जंतूंची लस, द्यायची नाही. सुया पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. लसीनंतर गंभीर काही घडलं तर जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना लगेच कळवायचं.

नोंदीत लसीचं नाव, बॅच नंबर, कुठला दंड आणि पुढची तारीख. कार्ड पेशंटच्या हातात, पण फोन नंबर सुनेचा किंवा मुलाचा, कारण आजोबांचा फोन बहुधा बंद असतो. दुसऱ्या डोसाच्या तारखा वेगळ्या डायरीत, महिन्यावार. दर सोमवारी सिस्टरने त्या आठवड्याच्या नावांना फोन लावायचा.

हे सगळं सुरू करण्याआधी दवाखान्यातल्या प्रत्येकाची फ्लूची लस झालेली हवी, मावशींचीसुद्धा. सुई हाताळणाऱ्यांचे आणि कचरा उचलणाऱ्यांचे हिपॅटायटिस बीचे तीन डोस, आणि शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी. प्रतिपिंडं (लसीने रक्तात तयार होणारी संरक्षक द्रव्यं) १० mIU/ml च्या वर हवीत.

पहिला दिवस बाजाराचा धरू नका. मधला एखादा शांत वार बघा, आदल्या संध्याकाळी दहाच जणांना फोन करा. ते घरी गेले की सिस्टरबरोबर बसून दहाही कार्डं तपासा, पुढच्या तारखा डायरीत चढवा, आणि जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे का आले नाहीत ते लिहा. दुसऱ्या दिवशीचे फोन त्यांच्यापासूनच सुरू करा.