कांदा-लसणाशिवाय सणाचा स्वयंपाक: या चुका टाळा

आषाढात कांदेनवमी झाली की ठाण्यातल्या कितीतरी घरांत कांद्याची टोपली रिकामी होते, ती कार्तिकी एकादशी उलटल्यावरच भरते. चातुर्मास न पाळणाऱ्या घरांतही गणपतीच्या नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही. मग रोज कांद्यावर फोडणी करणारा हात अडखळतो. नेहमीचीच भाजी करायची, फक्त कांदा-लसूण गाळायचा, असं केलं की पान मिळमिळीत होतं आणि ते सावरायला हिंग, टोमॅटो, लाल तिखट यांचा मारा सुरू होतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. आपलं सणाचं पान मुळात कांद्याशिवायच घडलेलं आहे. चिंच-गुळाची आमटी, अळूचं फदफदं, मसालेभात, पंचामृत, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, यांत कांद्याची जागा कधी नव्हतीच. हे पदार्थ त्यांच्या रीतीने करा, कशाचीही उणीव भासत नाही.

एरवीच्या भाजीत कांदा तीन कामं करतो: रस्सा दाट करतो, गोडसरपणा देतो आणि परतल्यावर खमंग लागतो. ही तिन्ही कामं एकट्या हिंगाकडून होणार नाहीत. दाटपणा दाण्याच्या कुटाने, तिळाने किंवा ओल्या नारळाच्या वाटणाने येतो. गोडसरपणाला गूळ आहे. खमंगपणा येतो तो मंद आचेवर तांबूस भाजलेल्या सुक्या खोबऱ्यातून आणि गोड्या मसाल्यातल्या दगडफूल-नागकेशरातून. म्हणून वर्षभर पडून वास उडालेला गोडा मसाला सणाला वापरू नका. श्रावणात थोडा ताजा करा किंवा खात्रीच्या ठिकाणाहून 100 ग्रॅमच आणा.

हिंगाचं गणित

डबीत मिळणारी हिंगपूड म्हणजे निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. उकळत्या आमटीत वरून चिमूटभर टाकली की कच्चट वास येतो. हिंग तेलातच फुलला पाहिजे. तेल तापवा, मोहरी पूर्ण तडतडू द्या, गॅस बारीक करा, मग हिंग, लगोलग हळद आणि त्यावर लगेच भाजी किंवा डाळ. हिंग काळा पडला तर ती फोडणी सरळ टाकून द्या. 2 चमचे तेल वाया गेलेलं परवडतं, पातेलंभर आमटी कडू झालेली परवडत नाही. खडा हिंग पुडीपेक्षा बराच उग्र असतो, त्यामुळे पुडीचं माप त्याला लावू नका. घरात कुणाला गव्हाचं पथ्य असेल तर डबीवरचे घटक आधी वाचा.

डाळ शिजण्याआधी आंबट घालणे

चिंच, आमसूल, टोमॅटो, काहीही आंबट पडलं की डाळी-कडधान्यं लवकर मऊ होत नाहीत. घाईत सगळं एकदम कुकरला लावलं की डाळ दाताखाली येते आणि मग दोष डाळीला दिला जातो. डाळ आधी पूर्ण शिजवून घोटा, आंबट नंतर. 1 वाटी तुरीच्या डाळीला 3-4 आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ हे सुरुवातीचं माप धरा. वालाच्या बिरड्यालाही हाच नियम: वाल बोटाने दाबला जाईपर्यंत आमसूल हातात घ्यायचं नाही.

अळूच्या फदफद्यालाही हा नियम लागतो, शिवाय तिथे चुकायच्या जागा आणखी आहेत, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. सणाच्या आधी जांभळी नाक्याच्या मंडईत अळूच्या जुड्यांचे ढीग लागतात. घेताना देठ बघा. काळपट देठाचं, जाड पानांचं अळू वडीचं. फदफद्याला हिरव्या देठाचं, कोवळ्या पानांचं घ्या, आणि विकणाऱ्या मावशींना "भाजीचंच ना?" असं एकदा विचाराच. अळूची खाज त्यातल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचं पाणी लावा. देठांची सालं ओढून काढा, ती राहिली की दोरे तोंडात येतात.

हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे 4-5 तास भिजवून वेगळ्या डब्यात शिजवा, पानं आणि देठ वेगळ्या डब्यात. अळू गरम असतानाच त्यावर 2 चमचे डाळीचं पीठ भुरभुरवून रवीने घोटायचं. इथे कंटाळा केला की वाढताना वाटीत चोथापाणी होतं, हिरवा गाळ खाली आणि पाणी वर. तसं झालंच तर चमचाभर पीठ थोड्या गार पाण्यात कालवून लावा आणि मंद आचेवर 5-7 मिनिटं ढवळत शिजवा, मिळून येतं. घोटून झाल्यावर डाळ-दाणे, खोबऱ्याचे काप, चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, आणि वरून मेथीदाण्याची फोडणी. मेथ्या तांबूस झाल्या की थांबा, त्याही जळल्या की कडू. शिजल्यावरही घसा खवखवत असेल तर चिंच थोडी वाढवून आणखी 10 मिनिटं उकळा. नुसतं पाणी घालून काही होत नाही. आंबटचुका मिळाला तर अळूबरोबरच शिजवा, चव फारच छान येते.

लपलेला कांदा-लसूण

पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो. कांदा-लसणाबद्दल तो काहीच सांगत नाही. पावभाजी मसाला, तयार ग्रेव्ही, सॉस, फरसाण, काही पापड यांत कांद्याची किंवा लसणाची पूड असू शकते. मागची बारीक अक्षरं दुकानातच वाचा.

दुसरी लपायची जागा आपल्याच ओट्यावर असते: मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग. भांडं घासून लखलखीत असतं, पण रिंग काढून नाकाशी धरा, लसणाचा वास येतो. त्याच भांड्यात मोदकाचं ओलं खोबरं फिरवलं की वास सारणात उतरतो. रिंग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि उन्हात वाळवा. भाद्रपदात ऊन नसेल तर नवी रिंग आणा, फार महाग नसते. भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या. लाकडी पोळपाटावर एरवी लसूण चिरत असाल तर सणापुरता दुसरा घ्या. भजी तळलेलं तेल पुरणपोळीच्या किंवा वड्यांच्या आसपासही नको.

न चाखता मीठ

नैवेद्य दाखवण्याआधी चाखत नाहीत, त्यामुळे मिठाचा अंदाज ही खरी परीक्षा. उपाय एकच, माप ठरवा. सणाच्या आधीच्या रविवारी तीच आमटी, तेच पातेलं, तोच चमचा घेऊन करून बघा, चाखा, आणि किती सपाट चमचे लागले ते लिहून ठेवा. मसालेभाताला 1 वाटी तांदळाला साधारण 1 सपाट छोटा चमचा मीठ आणि 2 वाट्या उकळतं पाणी. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडं जास्त. शिवाय शिजलेलं बिनमिठाचं वरण वाटीभर बाजूला काढून ठेवा. नैवेद्यानंतर आमटी खारट निघाली तर ते मिसळून एक उकळी आणली की काम होतं. बटाटा टाकून मीठ निघत नाही. तो आमटीतलं खारट पाणी शोषतो, उरलेली आमटी तेवढीच खारट राहते. काकडीच्या कोशिंबिरीत मात्र मीठ अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटतं.

कट आणि पुरण

पुरणाची डाळ अंगाबरोबर पाण्यात शिजवली तर कटच निघत नाही, आणि मग आमटी नुसत्या मसाल्याच्या पाण्याची होते. डाळीच्या तिप्पट पाणी घ्या, डाळ शिजली की निथळून कट काढा. आमटी पातळ वाटली तर चमचाभर पुरण त्यातच कालवा. भाजलेलं सुकं खोबरं, जिरं, लवंग, दालचिनी यांचं वाटण मात्र गंधासारखं बारीक हवं, जाडसर राहिलं तर तळाशी बसतं.

पनीर हवंच असेल तर

मुलांचा आग्रह असतो, करा. पण कांद्याच्या जागी टोमॅटो दुप्पट करू नका, भाजी आंबट होते आणि साखरेने ती चव झाकत नाही. टोमॅटो नेहमीएवढेच ठेवा आणि त्यात किसलेला लाल भोपळा किंवा बारीक चिरलेला कोबी तेलात चांगला तांबूस परतून वाटा. सोबत भिजवलेले काजू किंवा मगज. कोबी कच्चा राहिला तर उग्र लागतो, म्हणून परतण्यात घाई नको. शेवटी कसुरी मेथी.

शेजारच्या जैन घरी पान पाठवताना

ठाण्यात आणि नवी मुंबईत एका मजल्यावर मराठी, गुजराती, मारवाडी घरं असतात, ताटांची देवाणघेवाण चालते. कांदा-लसूण नाही म्हणजे जैन चाललं, असं धरू नका. बटाटा, गाजर, मुळा, सुरण, रताळं, ओलं आलं ही कंदमुळं त्यांना चालत नाहीत. वाळलेली हळद आणि सुंठ बहुतेक घरांत चालते. बटाट्याच्या भाजीऐवजी कच्च्या केळ्याची भाजी करा, हिरवी मिरची, जिरं आणि लिंबू घालून छान होते. श्वेतांबरांचं पर्युषण गणेश चतुर्थीच्या आसपासच संपतं आणि त्या दिवसांत बरेच जण हिरव्या भाज्याही खात नाहीत, कुणाचा उपवास असतो. म्हणून आदल्या दिवशीच "भाभी, उद्या काय चालेल?" एवढं विचारा, आणि पान सूर्यास्ताच्या बरंच आधी पोचवा.