माझं इंग्रजी बरोबर होतं पण सपाट वाटायचं, ते कसं सुधारलं

व्याकरणाची चूक एक नाही आणि तरी माझं इंग्रजी वाचताना झोप यायची. शेवटी मोठ्याने वाचून बघितलं तर प्रत्येक वाक्य 'ही' (he) ने सुरू, सगळी दहा-बारा शब्दांची, मालगाडीचे डबे नुसते. मग एकच वाक्य धरून बसलो. 'ही सॉ अ लेटर ऑन द टेबल व्हेन ही केम होम.' पत्र महत्त्वाचं पण ते मधेच येऊन जातं आणि शेवटी काय उरतं तर होम. फिरवलं: 'व्हेन ही केम होम, ऑन द टेबल ले (lay) अ लेटर.' आता डोळा पत्रावरच थांबतो. इंग्रजीत वाक्याचं शेपूट ही वजनाची जागा, आपल्याकडे तिथे बहुतेकदा क्रियापद बसतं आणि जोर द्यायचा तर 'च' लावला की काम झालं, म्हणून मला हे सुचतच नव्हतं. मग लांब वाक्यामागे तोकडं टाकायला शिकलो, तीन ओळी 'अँड' ने ओढत न्यायच्या आणि मग नुसतं 'ही लेफ्ट.' भारी वाटलं, इतकं की प्रत्येक परिच्छेदाला तसाच दणका द्यायला लागलो, अगदी नाटकी. आता पानभरात एखादाच ठेवतो, बाकीचे खोडतो.