पाणी कुठे मुरतंय? वॅगनेअर नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

स्टुडबेकर वॅगनेअर. १९६३ ते १९६६ एवढीच मॉडेल-वर्षं निघालेली, मागचं छप्पर पुढे सरकवता येणारी स्टेशन वॅगन. ती तुम्ही घेतली आहे किंवा घ्यायच्या बेतात आहात, आणि जॅक कुठे लावायचा, पातळ पत्र्यावर मिग वेल्डिंग (तारेने जोडकाम) कसं करायचं हे तुम्हाला येतं, असं धरून मी लिहितोय. मी इंडियानात राहतो, साउथ बेंडपासून तासाभरावर. माझी गाडी १९६३ची, स्टुडबेकरच्या लार्क मालिकेतली डेटोना, २५९ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन. तिच्यात माझी सहा वर्षं गेली. त्यातली दोन वाया गेली, आणि ती का गेली हेच मला मुख्यतः सांगायचंय.

ही गाडी आखली मिलवॉकीच्या ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी. छप्पर पुढे सरकवलं की फ्रिजसारखी उंच वस्तू उभीच्या उभी नेता यावी, एवढी साधी आणि मला आजही सुंदर वाटणारी कल्पना. पण कंपनीचे दिवस फिरले होते. १८५२ साली साउथ बेंडमध्ये घोडागाड्या बांधायला लागलेल्या स्टुडबेकरने २० डिसेंबर १९६३ रोजी तिथे शेवटची मोटार बनवली, आणि कॅनडातल्या हॅमिल्टनचा कारखाना मार्च १९६६ पर्यंत कसाबसा चालला. वॅगनेअर आली त्या पहिल्याच वर्षी गिऱ्हाइकांच्या इतक्या तक्रारी आल्या, की कंपनीला न सरकणाऱ्या, पक्क्या छपराची वॅगनही विकायला काढावी लागली. तक्रार एकच, छप्पर गळतं. ते मला गाडी घेण्याआधीच माहीत होतं. गळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र माहीत नव्हतं.

गाडी घरी आली तेव्हा मागच्या सीटच्या पायाशी तळाचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जायचा. पहिला हिवाळा मी तो कापण्यात आणि नवे तुकडे घडवण्यात घालवला, दुसरा वेल्डिंगमध्ये. पत्रा तापून वाकू नये म्हणून एकेक टाका घालायचा, हात लावण्याइतका थंड होऊ द्यायचा, मग दुसऱ्या टोकाला पुढचा टाका. रात्री जेवणं झाली की गॅरेजमध्ये जायचं, बाहेर उणे पंधरा, आत छोटा हीटर. वर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, सगळं नेमाने केलं. शेवटी छपराला नवं रबर बसवलं आणि खात्रीसाठी, हो, खात्रीसाठीच, कडेच्या खोबणीत फटी बुजवायच्या काळ्या सिलिकॉनची धार ओढून घेतली. होजने पाच मिनिटं पाणी मारलं. आत एक थेंब नाही. बायकोला बोलावून दाखवलं.

एप्रिल-मे भर पाऊस झाला. जूनमध्ये दार उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. छताचं आतलं अस्तर हाताने चाचपलं, कोरडं ठणठणीत. सीट कोरड्या. कार्पेट उचललं आणि खालचा नमदा मुठीत पिळला तर पाणी निथळलं. त्याच्याखाली माझ्याच वेल्डिंगच्या रेषेवर, टाक्यामागून टाक्यावर, नारिंगी गंज बसला होता. मी तिथेच उंबऱ्याच्या, म्हणजे दाराखालच्या, पत्र्यावर किती वेळ बसून राहिलो कोण जाणे.

आता जरा सावकाश वाचा, कारण हे मी दोनदा सांगणार आहे. या गाडीचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नाहीच. ते निम्मंशिम्मं अडवतं. उरलेलं पाणी रबराच्या आत, छपराच्या कडेने फिरणाऱ्या खोबणीत पडतं, खोबणीतून कोपऱ्याकडे जातं, आणि तिथून छप्पर पेलणाऱ्या खांबांच्या पोटातल्या नळ्यांमधून गाडीखाली जमिनीवर. म्हणजे पाणी आत येणं हा दोष नव्हे, ते गृहीतच धरलंय. दोष तेव्हा, जेव्हा त्याची वाट बंद होते. साठ वर्षांचा पाला, धूळ, जुन्या रबराचा भुगा नळीच्या तोंडाशी बसतो. माझ्या गाडीत त्यावर मी सिलिकॉन घातलं. डाव्या मागच्या कोपऱ्यात नळीचं तोंडच त्याने बुजलं. खोबण भरली, पाणी खांबाच्या आतून उतरलं, उंबऱ्याच्या पोकळीत साचलं आणि तळाला लागलं. वरून काही दिसलं नाही, कारण वर काही गळतच नव्हतं. पुन्हा सांगतो: अस्तर कोरडं आहे म्हणून छप्पर ठीक आहे असं समजू नका.

संगमेश्वरला आमचं घर कौलारू. आगोटीच्या आधी आजोबा शिडी लावायचे तेव्हा कौलांना हात लावण्यापूर्वी पन्हळीतला पाला काढायचे. पन्हळ तुंबली की पाणी मागे फिरतं आणि भिंतीत मुरतं, कौलं कितीही चांगली असली तरी. मी खाली बादली धरून उभा असायचो. म्हणजे मला हे माहीत होतं.

तेव्हा तुमचं पहिलं काम वेल्डिंग नाही. पहिलं काम नळ्या. सीट, कार्पेट, नमदा सगळं बाहेर काढा, गाडी सपाट जागी ठेवा. एकेका कोपऱ्यात कपभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा, ते किती वेळात पडतं. चारही कोपऱ्यांचा वेळ लिहून ठेवा. पडत नसेल तर जाड नायलॉनची तार, गवत कापायच्या यंत्रात असते ती, टोक मेणबत्तीवर गोल करून हळूहळू आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. दाबाने नळी आतल्या जोडापासून सुटते, आणि मग खांब कापल्याशिवाय ती हाती लागत नाही. माझ्या डाव्या कोपऱ्यातून आधी काळा चिखल आला, मग पाइनच्या काड्यांचा गुंता, मग तपकिरी पाणी, आणि त्यानंतर एकदम स्वच्छ धार. ती धार बघताना मला रडू आलं, हे सांगायला मला संकोच नाही.

मग होज. एक माणूस टॉर्च घेऊन आत, एक बाहेर. खालून सुरुवात करायची आणि वर वर जायचं: आधी टेलगेटची, म्हणजे मागच्या झडपेची, कड, मग खिडक्यांची रबरं, शेवटी छप्पर. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर सगळं एकदम ओलं होतं आणि पाणी कुठून आलं ते कळत नाही. तळाच्या उघड्या पत्र्यावर खडूची पूड भुरभुरवा, पाण्याचा माग त्यात साप गेल्यासारखा उमटतो. माझी पाच मिनिटांची परीक्षा म्हणूनच खोटी होती. खोबण भरायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि सिलिकॉन. कुणीही, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी या गाडीच्या पत्र्यावर सिलिकॉन लावू नका. ते नळ्या बुजवतं हे एक झालं. दुसरं म्हणजे त्याचा अंश पत्र्यावर राहतो आणि रंग मारताना तिथे रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. मला छपराचा रंग पुन्हा खरवडावा लागला, आणि त्याआधी ज्या वर्कशॉपला काम दिलं होतं त्यांनी खड्ड्यांवर लांबी (पुट्टी) भरून वरून फवारा मारून दिला होता. पैसे घेतले, सहा महिन्यांत फुगवटे आले. पत्र्याचं आणि रंगाचं काम बाहेर द्यायचंच असेल तर उघडा पत्रा, प्रायमर आणि रंग अशा तिन्ही टप्प्यांना स्वतः जाऊन बघा. बघू देत नसतील तर गाडी परत आणा.

इतकं वाचून घाबरला असाल तर थांबा. ही गाडी दुर्मिळ असली तरी पोरकी नाही. यंत्राचे बहुतेक भाग लार्कचे, आणि स्टुडबेकरच्या जुन्या साठ्यातले कोरे भाग अजून विकत मिळतात. साउथ बेंडच्या स्टुडबेकर नॅशनल म्युझियमला गाडीचा सिरियल नंबर कळवला की थोड्या पैशात कारखान्याच्या मूळ ऑर्डरची नक्कल मिळते. इंजिन कुठलं, रंग कुठला, काय काय बसवलं होतं, ते सगळं त्यात असतं. ती नक्कल गाडीचा पहिला स्क्रू काढायच्या आधी मागवा. मी दोन वर्षांनी मागवली. खरं अवघड मिळतं ते फक्त वॅगनेअरचंच असलेलं सामान: सरकतं छप्पर, त्याच्या पट्ट्या, मागची काच, टेलगेटचे भाग. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन चालू होतं की नाही यावर जाऊ नका. छप्पर शेवटपर्यंत सरकतं का आणि ते पूर्ण आहे का, ते बघा.

इंजिनाबद्दल थोडंच. स्टुडबेकरचं व्ही-८ जड आहे, पण टायमिंगला साखळी नाही, थेट गिअर आहेत, आणि नीट ठेवलं तर ते दमत नाही. तुमच्याकडे २८९ क्युबिक इंचाचं असेल तर एक सावधगिरी: दुकानात नुसतं "२८९" म्हणालात की हातात फोर्डचं सामान पडतं. आकडा तोच, इंजिन वेगळं. १९६५ पासूनच्या गाड्यांत तर जनरल मोटर्सची इंजिनं आहेत, तेव्हा आधी आपल्याकडे काय आहे ते बघा. आधुनिक शेवरलेट इंजिन बसवून टाका, असं सांगणारे खूप भेटतील. १९६३-६४च्या गाडीचं चालू मूळ इंजिन काढून टाकण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ब्रेकचं मात्र माझं मत उलटं आहे. माझ्या गाडीत ब्रेकचं तेल ढकलणारा मूळ मास्टर सिलिंडर एकेरी होता, तसा असला तर एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी बसवा. मूळपणापेक्षा मागच्या सीटवरची मुलं मोठी.

शिकायचं कुठे? मी वेल्डिंग कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकलो, आणि एक सत्र पुरलं. व्हिडिओ बघून हात बसत नाही, माझा तरी बसला नाही. हाच व्यवसाय करायचा असेल, किंवा तुमच्या मुलाला करायचा असेल, तर कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजला ऑटोमोटिव्ह रिस्टोरेशनची चार वर्षांची पदवी आहे. आपल्या घरांत हे शिक्षण म्हणून ऐकून घेतलं जात नाही. घ्यायला हवं.

आणि गुरू. मला दोन भेटले. पहिल्याला सगळं येत होतं आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे एक ट्यूब होती. सिलिकॉन त्याचंच. दुसरे गृहस्थ निवृत्त टूलमेकर, ऐंशीच्या पुढचे. गाडीजवळ आले, काही न बोलता गुडघ्यावर बसले आणि तळाखाली हात घालून नळीचं खालचं टोक चाचपलं. मग विचारलं, "पाणी इथून पडतं का?" मला उत्तर देता आलं नाही. गुरू निवडताना तो आधी काय सांगतो यापेक्षा आधी कुठे बघतो, ते बघा.

एक इशारा राहिला, आणि यात कसूर नको. मागची काच खाली किंवा छप्पर उघडं ठेवून गाडी पळवली की वॅगनच्या शेपटीमागे हवेची पोकळी होते आणि धुराड्याचा धूर उलट आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सायलेन्सरचे सांधे, टेलगेटचं रबर तपासल्याशिवाय मागे कुणाला बसवू नका. मी पुढच्या डॅशखाली छोटा बॅटरीवरचा डिटेक्टर ठेवतो.

आमची गाडी गेल्या वर्षी रस्त्यावर आली. ऑक्टोबरमध्ये पानगळ संपली की मी चारही कोपऱ्यांत कपभर पाणी ओततो. उजवे दोन्ही आणि डावा पुढचा लगेच मोकळे होतात. डाव्या मागच्याला अजून वेळ लागतो, वहीत दर वर्षी तो आकडा लिहिलेला आहे. कार्पेटखाली खडूची पूड मी अजून तशीच ठेवली आहे. मागच्या आठवड्यात रात्रभर पाऊस पडला, सकाळी कार्पेट उचलून बघितलं, पुडीवर माझ्याच बोटाचा जुना ठसा होता तसा होता.