कॅलिफोर्नियात ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून राबवून घेतलं, तर बुडालेला पगार कसा मिळवाल?

बे एरियातल्या एका केटरिंगवाल्यांकडे आमच्या ओळखीच्या एक काकू पोळ्या लाटायच्या. सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आठवड्याचे पाच दिवस, रोजाचे १२० डॉलर. जेवायची सुट्टी नाही. एक पोळी गुंडाळायची आणि तव्यासमोर उभ्या उभ्याच खायची. ओव्हरटाइमचं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘तुम्ही कॉन्ट्रॅक्टर आहात, सही केलीय ना?’ वर्षाच्या शेवटी हातात १०९९ फॉर्म (कॉन्ट्रॅक्टरला दिलेल्या पैशांचा टॅक्सचा कागद) यायचा आणि सोशल सिक्युरिटीतला, म्हणजे सरकारी पेन्शनच्या करातला, मालकाचा वाटाही काकूंच्याच खिशातून जायचा.

आपल्यातले कितीतरी जण अशा सहीला घाबरून गप्प बसतात. घाबरू नका. तुम्ही नोकर की कॉन्ट्रॅक्टर, हे कॅलिफोर्नियात कागदावरून ठरत नाही, काम कसं चालतं त्यावरून ठरतं.

आधी तीन प्रश्न स्वतःला विचारा

२०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डायनॅमेक्स खटल्यात एक कसोटी घालून दिली. ‘एबी ५’ या कायद्याने ती १ जानेवारी २०२० पासून आणखी पक्की केली. काम करणारा माणूस मुळात नोकरच आहे असं कायदा धरून चालतो. तो तसा नाही, हे मालकाने सिद्ध करायचं, आणि त्यासाठी तिन्ही गोष्टी दाखवायच्या: काम कसं करायचं यावर मालकाचा ताबा नाही, ते काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं आहे, आणि त्या माणसाचा त्याच कामाचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय आहे. एक जरी दाखवता आली नाही, तरी तुम्ही नोकर.

काकूंचंच बघा. पोळपाट, तवा, पीठ सगळं मालकाचं. किती वाजता यायचं, पोळी किती जाड हवी, हेही तोच सांगणार. धंदा जेवण पुरवायचा आणि काकू जेवणच बनवणार. त्याच केटरिंगवाल्याने नळ दुरुस्तीला प्लंबर बोलावला, तर तो खरा कॉन्ट्रॅक्टर.

काही व्यवसायांना ही कसोटी लागू होत नाही. डॉक्टर, वकील यांच्यासाठी जुनी, जास्त लवचीक कसोटी आहे, आणि ॲपवर गाडी चालवणाऱ्यांसाठी २०२० साली मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रॉप २२’ या कायद्याचे वेगळे नियम आहेत.

तासांची नोंद आजपासून ठेवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. काकूंच्या फ्रिजवर कालनिर्णय टांगलेलं होतं. दुधाचा हिशोब लिहावा तशा त्या रोजच्या चौकोनात लिहायच्या: ‘८–६, सुट्टी नाही’. तासांची नोंद ठेवणं हे खरं मालकाचं काम. त्याने ती ठेवली नसेल, तर कामगाराने दिलेला वाजवी अंदाजही ग्राह्य धरला जातो, आणि तो चुकीचा आहे हे मालकाला दाखवावं लागतं. ‘उद्या ७ ला या’ असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, चेकचे फोटो, सोबत काम करणाऱ्यांची नावं, सगळं स्वतःच्या फोनवर जपा.

मग हिशोब मांडा

२०२६ मध्ये राज्याचं किमान वेतन तासाला १६.९० डॉलर आहे. काही शहरांत याहून जास्त. दिवसाच्या ८ तासांनंतर दीडपट, १२ तासांनंतर दुप्पट. या दराने १० तासांच्या दिवसाचे १८५.९० डॉलर होतात. १२० हातात पडले, म्हणजे रोज ६५.९० बुडाले. ५ तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी, आणि साधारण दर ४ तासांमागे १० मिनिटांची पगारी विश्रांती द्यावीच लागते. मालकाने जेवणाची सुट्टी दिली नाही तर त्या दिवसाचा एक तासाचा जादा पगार, विश्रांती दिली नाही तर आणखी एक. सगळं धरून रोजचे जवळपास १०० डॉलर! मागच्या वर्षांच्या दिवसांना त्या-त्या वर्षाचा दर लावा. नोकरी सुटली असेल आणि मालकाने हिशोब जाणूनबुजून अडकवला असेल, तर ३० दिवसांपर्यंतच्या पगाराइतका दंडही मागता येतो.

लेबर कमिशनरकडे दावा दाखल करा

लेबर कमिशनर म्हणजे पगाराच्या तक्रारी बघणारं राज्याचं ऑफिस. दाव्याचा फॉर्म ऑनलाइन, टपालाने किंवा प्रत्यक्ष ऑफिसात देता येतो. फी नाही, वकील लागतोच असं नाही. इंग्रजी अडत असेल तर फॉर्मवर भाषा लिहा आणि दुभाषी मागा, तो फुकट मिळतो. किमान वेतन आणि ओव्हरटाइमसाठी मुदत ३ वर्षांची. तोंडी ठरलेल्या जास्त दराचे पैसे हवे असतील तर फक्त २. तुम्ही थांबाल तसे मागचे दिवस मुदतीबाहेर जात राहतात.

व्हिसाची भीती मला समजते. पगाराचा हक्क इमिग्रेशनच्या स्थितीवर अवलंबून नाही, आणि मालकाने ‘इमिग्रेशनला कळवीन’ म्हणून धमकावणं हाच गुन्हा आहे. तरीही वर्क परमिटचा घोळ असेल, तर दाव्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. तक्रारीनंतर ९० दिवसांत कामावरून काढलं किंवा तास कापले, तर तो सूड आहे असंच कायदा आधी गृहीत धरतो.

तडजोडीची बैठक आणि सुनावणी

बहुतेक वेळा आधी दोघांना समोरासमोर बसवतात. तिथे मालक अर्ध्यात मिटवायला बघेल. तुमचा आकडा लिहून न्या आणि घाईत सही करू नका. मिटलं नाही तर सुनावणी होते. तिथे शपथेवर बोलायचं असतं, सोबतच्या कामगाराला साक्षीला आणता येतं. फोटोंवर विसंबू नका, शाईच्या नोंदींचं मूळ कालनिर्णयच पिशवीत घालून घेऊन जा.