ऑपरेटर ओव्हरलोडिंग कसे करावे: एका 'रक्कम' क्लासच्या निमित्ताने

मासिक बिल काढणाऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये देखभाल, पाणी आणि पार्किंग यांची बेरीज `देखभाल.मिळवा(पाणी.मिळवा(पार्किंग))` अशी लिहावी लागली, तर कंस मोजण्यातच वाचणाऱ्याचा जीव जातो. तीच ओळ

`एकूण = देखभाल + पाणी + पार्किंग`

अशी लिहिता येणे, म्हणजे आपण घडवलेल्या प्रकारासाठी `+` या चिन्हाचा अर्थ आपणच ठरवून देणे, याला ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात. सी++, पायथॉन, सी#, कॉटलिन, रस्ट या भाषा ही मुभा देतात. जावा देत नाही. सी++ मध्ये या सोयीचा झालेला गैरवापर पाहून जावाचे जनक जेम्स गॉसलिंग यांनी ती जाणीवपूर्वक वगळली, आणि म्हणूनच जावात बिगडेसिमलची, म्हणजे अचूक दशांश संख्यांच्या प्रकाराची, बेरीज आजही 'ॲड' ही मेथड (प्रकाराला जोडलेले फंक्शन) बोलावूनच करावी लागते. (स्ट्रिंग जोडण्यासाठी `+` मात्र भाषेनेच स्वतःपुरते राखून ठेवले आहे.) या लेखातील मुख्य उदाहरण पायथॉनमधील आहे. त्यात 'रक्कम' नावाचा क्लास (आपण घडवलेला प्रकार) पैसे हे एकक धरून एक पूर्णांक साठवतो, म्हणजे दहा रुपये पन्नास पैसे हे `रक्कम(१०५०)` होतात.

कोड लिहिण्यापूर्वी कोणती चिन्हे अर्थपूर्ण आहेत हे कागदावर ठरवावे. रकमेत रक्कम मिळवली किंवा वजा केली तर रक्कमच येते. रकमेला पूर्णांकाने गुणले तरी रक्कम येते. रकमेला रकमेने भागले तर गुणोत्तर, म्हणजे साधी संख्या येते. रकमेला रकमेने गुणले तर 'चौरस रुपये' येतील, आणि ते कोणत्याही खातेवहीत मांडता येत नाहीत, म्हणून तो गुणाकार लिहूच नये. `रक्कम + ५` यातील पाच हे रुपये की पैसे, हे लिहिणाऱ्याला माहीत असले तरी वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून तेही नाकारावे. रकमेला संख्येने भागण्याचा मोह विशेष टाळावा: शंभर रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकी तेहतीस रुपये तेहतीस पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाच्या वाट्याला टाकायचा हे `/` या चिन्हात सांगता येत नाही. त्यासाठी 'वाटणी' नावाची सरळ मेथड लिहावी आणि तिने ३३.३४, ३३.३३, ३३.३३ अशी यादी परत करावी. कराच्या टक्केवारीचेही तसेच आहे, कारण तिथे पूर्णांकात बदलण्याचा नियम उघडपणे नोंदवावा लागतो. पायथॉनचा 'राउंड' अडीचचे दोन करतो, तीन नव्हे, हे हिशेब तपासणाऱ्याला सहसा आधी ठाऊक नसते.

आता प्रत्यक्ष बेरीज. नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या मेथडना पायथॉनवाले 'डंडर' म्हणतात, आणि `+` साठी 'डंडर ॲड' लिहावी लागते. तिने दोन्ही बाजूंच्या पैशांची बेरीज करून नवी रक्कम परत करावी. नवशिक्यांची हमखास चूक अशी, की ते डाव्या ऑब्जेक्टमधील (क्लासपासून बनलेल्या वस्तूमधील) पैशांतच उजवीकडचे पैसे मिळवतात आणि 'सेल्फ', म्हणजे तेच डावे ऑब्जेक्ट, परत करतात. उत्तर बरोबर दिसते, चाचणीही पास होते, पण `एकूण = देखभाल + पाणी` ही ओळ चालल्यानंतर 'देखभाल' हीच रक्कम वाढलेली असते आणि पुढच्या महिन्याचे बिल फुगते.

उजवीकडे रक्कम नसेल तर काय करावे, याचे उत्तर 'नॉटइम्प्लिमेंटेड' ही किंमत परत करणे हे आहे, एरर फेकणे नव्हे. ती परत आली की पायथॉन उजव्या ऑब्जेक्टला 'डंडर आरॲड' मार्फत विचारतो, आणि त्यानेही हात वर केले तरच टाइपएरर (प्रकार न जुळल्याचा एरर) येतो. आपण आधीच एरर फेकला तर उद्या कोणी लिहिलेल्या दुसऱ्या क्लासला ही बेरीज सांभाळण्याची संधीच मिळत नाही. इथे नावाची गफलत फार होते: चुकून 'नॉटइम्प्लिमेंटेडएरर' परत केला, तर कोणतीही तक्रार न होता बेरजेचे उत्तर म्हणून तो एररचा क्लासच हातात पडतो.

इतके झाल्यावर यादीतील रकमा 'सम' या फंक्शनला द्याव्यात, आणि पहिलाच धक्का बसतो. `सम([देखभाल, पाणी])` हा टाइपएरर देतो. कारण असे, की 'सम' शून्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे पहिली बेरीज `० + देखभाल` ही असते. शून्य हा पूर्णांक रक्कम ओळखत नाही, तो नकार देतो, आणि रकमेकडे 'आरॲड' नसते. यावर बहुतेक जण डावीकडे शून्य असेल तर ते चालवून घेणारी 'आरॲड' लिहितात. माझ्या मते तो उपाय अर्धवट आहे, कारण यादी रिकामी असेल तेव्हा 'सम' साधे शून्य परत करतो आणि त्याच्यावर रकमेची मेथड बोलावली की प्रोग्राम तिथे कोसळतो. त्यापेक्षा 'सम' ला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून `रक्कम(०)` द्यावा. मग रिकाम्या यादीचे उत्तरही रक्कमच असते.

समानतेसाठी 'डंडर इक्यू' लिहिली की दुसरा खड्डा समोर येतो. ती लिहिताच पायथॉन त्या क्लासचा 'डंडर हॅश' (वस्तू पटकन शोधण्यासाठी तिच्यावरून एक संख्या, म्हणजे हॅश, काढणारी मेथड) काढून घेतो, आणि कालपर्यंत सेटमध्ये किंवा डिक्शनरीच्या की (नोंद शोधण्याची किल्ली) म्हणून चालणारी रक्कम आज 'अनहॅशेबल' ठरते. हा पायथॉनचा खोडसाळपणा नाही. समान असलेल्या दोन गोष्टींचा हॅश समान असलाच पाहिजे हा नियम आहे, आणि तो पाळला जाईल याची हमी पायथॉन आपल्या वतीने देऊ शकत नाही. हॅश आपण पैशांवरून काढला, पण नंतर पैसे बदलू दिले, तर डिक्शनरीत ठेवलेली रक्कम शोधूनही सापडत नाही. म्हणून हा क्लास गोठवलेला, म्हणजे ज्याचे ऑब्जेक्ट नंतर बदलता येत नाही असा 'फ्रोझन' डेटाक्लास करावा. डेटाक्लास २०१८ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून उपलब्ध आहेत आणि समानता व हॅश या दोन्ही मेथड ते स्वतः जुळवून देतात. `+=` साठी वेगळी मेथड मग लिहूच नये. ती नसेल तर पायथॉन साधी बेरीज करून नावाला नवे ऑब्जेक्ट जोडतो, आणि आपल्याला तेच हवे असते. जागच्या जागी बदलणारे `+=` किती फसवे असते हे पाहायचे असेल, तर 'ट' नावाच्या टपलमध्ये (न बदलणाऱ्या यादीत) लिस्ट (बदलता येणारी यादी) ठेवून `ट[०] += [२]` चालवून पाहावे: टाइपएरर येतो, आणि तरीही लिस्टमध्ये दोन जमा झालेले असतात.

चिन्हाचा अर्थ बदलता येतो, पण त्याचा अग्रक्रम, म्हणजे कोणते चिन्ह आधी सुटते तो क्रम, बदलता येत नाही, ही गोष्ट अनुभवी लोकांनाही चकवते. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या पायथॉन लायब्ररीमध्ये `&` चा अर्थ 'आणि' असा केलेला आहे, परंतु ते चिन्ह तुलनेच्या आधी सुटते. त्यामुळे `वय > १८ & वय < ६०` हे पायथॉनला `वय > (१८ & वय) < ६०` असे दिसते आणि एरर येतो. दोन्ही तुलना कंसात घालणे हाच उपाय. सी++ मध्ये `<<` हे मुळात बिट सरकवण्याचे चिन्ह छपाईसाठी वापरले गेले, त्याची किंमत अशी:

`सीआउट << भरले ? "हो" : "नाही";`

ही ओळ कंपाइल होते, पण 'हो' किंवा 'नाही' न छापता १ किंवा ० छापते, कारण छपाई आधी होते आणि प्रश्नचिन्ह नंतर. सी++ मध्ये `&&` ओव्हरलोड करणे तर याहून वाईट. मूळ `&&` डावी बाजू खोटी निघाली की उजवीकडे पाहत नाही. ओव्हरलोड केलेले `&&` हे फंक्शन असल्यामुळे दोन्ही बाजू मोजते, आणि 'पॉइंटर (ऑब्जेक्ट कुठे आहे ते दाखवणारी खूण) रिकामा नसेल तरच आत पाहा' अशी तपासणी रिकाम्या पॉइंटरच्याही आत शिरते. सी++१७ ने डावी बाजू आधी मोजण्याची हमी दिली, पण उजवी टाळण्याची नाही. जुने चिन्ह ओढूनताणून वापरण्यापेक्षा नवे घेणे कधीकधी शहाणपणाचे असते: नमपाय या संख्यांच्या गणितासाठीच्या पायथॉन लायब्ररीमध्ये `*` हे घटकागणिक गुणाकारासाठी आधीच गुंतलेले होते, म्हणून मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी पायथॉन ३.५ ने २०१५ मध्ये `@` हे स्वतंत्र चिन्ह दिले.

सी# वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तिथे कोणते `==` चालेल हे व्हेरिएबलच्या जाहीर केलेल्या प्रकारावरून कंपाइलच्या वेळीच ठरते. त्याच दोन रकमा 'ऑब्जेक्ट' या प्रकारात ठेवून तुलना केली, तर आपले `==` बाजूला राहते आणि दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का, एवढेच पाहिले जाते.

शेवटी चाचण्या. एकेक बेरीज तपासण्याऐवजी संबंध तपासावेत: `अ + ब` आणि `ब + अ` समान येतात का, `अ + ब - ब` पुन्हा `अ` देते का, समान रकमांचे हॅश समान आहेत का, बेरजेनंतर `अ` आणि `ब` जसेच्या तसे आहेत का, वाटणीच्या सर्व भागांची बेरीज मूळ रकमेइतकी भरते का. रकमेचा उपक्लास (तिच्यावरून बनवलेला क्लास) केला आणि त्यात 'आरॲड' नव्याने लिहिली, तर पहिली चाचणी मुद्दाम पुन्हा चालवावी, कारण उजवीकडे उपक्लासचे ऑब्जेक्ट असेल तेव्हा पायथॉन डावीकडच्या 'ॲड' च्या आधी त्याच्या 'आरॲड' ला विचारतो.