एअर रायफल आणि एअर पिस्तूल: खरेदीत, जोडणीत आणि सरावात या चुका टाळा

इंदूरजवळच्या महू येथे लष्कराचे मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाजीचे प्रशिक्षण देणारे पथक, आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार याच युनिटमध्ये घडले. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हा ऑलिंपिक नेमबाजही शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला आहे. त्यामुळे इंदूरमधील रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतील मराठी घरांत एखाद्या मुलाने किंवा मुलीने नेमबाजी शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर आज कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. घरातील मोठी माणसे परदेशी परीक्षणे पाहतात, जाहिरातीतील आकडे वाचतात आणि बरीच रक्कम खर्च करून साहित्य आणतात. पुढे गुण वाढले नाहीत की दोष बंदुकीला दिला जातो. या साऱ्या व्यवहारात एक चूक सतत आढळते, ती म्हणजे सर्वांत महाग वस्तू सर्वांत आधी बदलली जाते आणि सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत शेवटी तपासली जाते. पुढील विवेचन दहा मीटर प्रकारातील हवेच्या शस्त्रांपुरते आहे, कारण बहुतेक नवशिक्यांची सुरुवात तेथूनच होते.

वेगाच्या आकड्याला भुलणे

दुकानात किंवा जाहिरातीत सर्वांत ठळकपणे छापलेला आकडा वेगाचा असतो. “एक हजार फूट प्रति सेकंद” असे वाचले की ही बंदूक अधिक चांगली असणार, असा समज होतो. एक हजार फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. अर्ध्या ग्रॅमचा पेलेट (हवाई बंदुकीची छोटी गोळी) खरोखरच या वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सुमारे २३ ज्यूल होते. आपल्याकडील २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. म्हणजे जाहिरात खरी असेल तर ती बंदूक विनापरवाना ठेवता येणार नाही, आणि बंदूक विनापरवाना विकली जात असेल तर तो वेग अतिशय हलक्या मिश्रधातूच्या पेलेटवर मोजलेला असण्याची शक्यता अधिक. दोन्ही परिस्थितींत त्या आकड्याचा नेमबाजाला काहीच उपयोग नाही.

स्पर्धेतील उत्तम एअर रायफल ०.५३ ग्रॅमचा पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सोडते, आणि ही ऊर्जा जेमतेम साडेसात ज्यूल भरते. दहा मीटरवर कागदाला छिद्र पाडण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. लागते ते सातत्य, म्हणजे प्रत्येक पेलेट शक्य तितक्या समान वेगाने सुटणे. एखाद्या परीक्षणात फैरींमधील वेगाचा फरक दिलेला नसेल आणि केवळ कमाल वेग दिलेला असेल, तर ते परीक्षण पुढे वाचण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकार न ठरवता खरेदी करणे

आपल्या देशातील स्पर्धांत एअर रायफलचे ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरणे) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून पाहून नेम धरणे) असे वेगवेगळे प्रकार असतात, आणि एका प्रकारासाठी घेतलेले साहित्य दुसऱ्यात तसेच चालत नाही. प्रशिक्षकाशी बोलून प्रकार निश्चित होण्याआधीच रायफल घरी आलेली असते, ही नित्याची गोष्ट आहे. त्याहून वाईट म्हणजे दुर्बिणीवर केलेला खर्च. दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावण्यास परवानगीच नाही. शिवाय स्वस्त दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांच्या अंतरासाठी जुळवलेल्या असल्याने दहा मीटरवर चित्र धूसर दिसते. स्प्रिंगच्या, म्हणजे स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणाऱ्या, बंदुकीचा धक्का पुढे आणि मागे अशा दोन्ही दिशांना बसत असल्यामुळे तिच्यावरील साधी दुर्बीण लवकर खिळखिळी होते, ते वेगळेच.

मुलांच्या बाबतीत वजनाचा विचार फार कमी होतो. नियमांनुसार एअर रायफलचे वजन ५.५ किलोपर्यंत चालते, परंतु ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्या माणसाची रायफल दिली, की तो ती पेलण्यासाठी कंबर मागे वाकवतो, आणि ही ठेवण एकदा अंगवळणी पडली की सुटता सुटत नाही. “मोठा झाल्यावरही चालेल” हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. लहान वयासाठी हलकी आणि लांबी कमीअधिक करता येणारी रायफल घ्यावी, किंवा निदान पहिले काही महिने रेंजवरील (नेमबाजीच्या सरावकेंद्रातील) रायफलवरच सराव करावा. पिस्तुलाच्या बाबतीत हाच प्रश्न ग्रिपचा, म्हणजे मुठीचा, असतो. ग्रिप उजव्या किंवा डाव्या हाताची असते, तिला मापही असते. ती घासून किंवा भरून हाताला बसवून घेता येते, पण तिचा कोणताही भाग मनगटाला वेढणारा असता कामा नये.

जुने साहित्य आणि सिलिंडरवरील तारीख

वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, मोरिनी, पार्डिनी या नावांची जुनी शस्त्रे मध्यम किमतीत मिळतात आणि त्यांत गैर काहीच नाही. किंबहुना नव्या सामान्य बंदुकीपेक्षा चांगली जपलेली जुनी स्पर्धेची बंदूक मी केव्हाही पसंत करेन. मात्र व्यवहार ठरवण्यापूर्वी बंदुकीची दाबलेली हवा साठवणाऱ्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. हवेच्या सिलिंडरचे आयुष्य उत्पादक सामान्यतः दहा वर्षांचे ठरवतात. त्यात सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दोनशेपट दाब भरलेला असतो, आणि मुदत संपलेला सिलिंडर न वापरण्याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमांनी नेमबाजावरच टाकली आहे. नव्या सिलिंडरची किंमत धरल्यावर अनेकदा “स्वस्तातली” बंदूक स्वस्त राहत नाही.

सिलिंडर भरताना केवळ कोरडी, स्वच्छ हवा भरावी. ऑक्सिजन कधीही भरू नये, कारण उच्च दाबाखालील ऑक्सिजन तेलाच्या अंशाच्या संपर्कात आल्यास स्फोट होऊ शकतो. हातपंपाने भरणाऱ्यांनी पावसाळ्यात अधिक काळजी घ्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील ओल पंपावाटे आत जाते आणि रेग्युलेटरमध्ये (प्रत्येक फैरीसाठी हवेचा दाब समान ठेवणाऱ्या भागात) गंज धरतो, म्हणून पंपाचा ओलावा शोषणारा भाग वेळच्या वेळी बदलावा. मे महिन्यात भरलेला सिलिंडर बंद मोटारीत ठेवून खरेदीला जाणे हा तर निव्वळ अविचार होय.

नेम भटकला तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

हा भाग सविस्तर लिहिण्याचे कारण असे की येथेच सर्वाधिक पैसा आणि वेळ वाया जातो. एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट ४.५ मिलिमीटरचा. पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते. इतक्या सूक्ष्म मापांत किरकोळ वाटणारा दोषही गुणांत उतरतो. समजा, माशी (नळीच्या पुढच्या टोकावरील साइट) आणि मागील साइट यांत सत्तर सेंटिमीटरचे अंतर आहे आणि स्क्रू सैल असल्यामुळे मागील साइट एक दशांश मिलिमीटरने सरकली. दहा मीटरवर हा फरक जवळजवळ दीड मिलिमीटर होतो. रायफलच्या लक्ष्यावर प्रत्येक वर्तुळ आधीच्या वर्तुळापासून अडीच मिलिमीटर दूर असते, म्हणजे एका सैल स्क्रूने अर्ध्या गुणाहून अधिक नुकसान झाले. पिस्तुलात दोन साइटमधील अंतर याच्या निम्म्याच्या आसपास असल्याने तेवढ्याच हालचालीने लक्ष्यावर दुप्पट फरक पडतो.

म्हणून पहिली तपासणी स्क्रूंची करावी. साइटचे, दस्त्याचे आणि नळीवरील वजनांचे स्क्रू योग्य मापाच्या चावीने, अति जोर न लावता पाहावेत. दुसरी तपासणी हवेची. सिलिंडरमधील दाब रेग्युलेटरला लागणाऱ्या किमान दाबाखाली गेला की वेग घटू लागतो आणि फैरी खाली पडतात. नेमबाज मात्र साइट वर घेत राहतो आणि सिलिंडर भरल्यावर सगळ्या फैरी वर जाऊ लागल्या की गोंधळून जातो. किमान दाब किती, हे बंदुकीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

तिसरी तपासणी पेलेटची. स्पर्धेसाठी चपट्या नाकाचे पेलेट वापरावेत, कारण ते कागदात गोल, स्वच्छ छिद्र पाडतात. टोकदार पेलेट कागद फाडतात आणि गुण मोजताना वाद होतात. एकाच नावाचे पेलेट ४.४९, ४.५० अशा शीर्षाच्या किंचित वेगळ्या मापांत येतात, आणि कोणते माप कोणत्या नळीला मानवेल, हे परीक्षण वाचून कळत नाही. बंदूक पक्क्या आधारावर ठेवून दोन-तीन प्रकारांचे दहा-दहा पेलेट झाडून पाहावेत, ज्याचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) सर्वांत लहान येईल ते घ्यावेत आणि शक्य झाल्यास त्याच बॅचचे अधिक डबे विकत घ्यावेत. स्प्रिंगच्या बंदुकीची चाचणी मात्र कठीण पृष्ठभागावर टेकवून करू नये, कारण तिचा नेम ती कशी धरली आहे यावर फार अवलंबून असतो. पेलेटची कडा शिशाची, म्हणून मऊ असते. खिशात सुटे खुळखुळवत नेलेले पेलेट चेपतात आणि त्यांवर कितीही उत्तम नळी उपाय करू शकत नाही.

या तिन्ही तपासण्या झाल्यावरच नेमबाजाकडे वळावे. फैरी एका बाजूला आणि किंचित खाली जात असतील तर बंदूक त्या बाजूला कलते आहे का, हे मागे उभे राहून दुसऱ्याने पाहावे. रायफलच्या पुढील साइटमधील रिंग फार लहान घेतली असेल, तर काळ्या वर्तुळाभोवतीचा पांढरा पट्टा दिसेनासा होतो आणि डोळा ताण घेऊ लागतो. रिंग लहान तितका नेम अचूक, हा समज खोटा आहे. पिस्तूल चालवणाऱ्याची नजर लक्ष्यावर नव्हे, तर माशीवर स्थिर असावी, म्हणजे लक्ष्य थोडे अस्पष्ट दिसणेच योग्य.

एका फैरीवरून साइट फिरवणे ही सवय सर्वांत घातक आहे. पाच किंवा दहा फैरींचा ग्रुप घ्यावा, त्याचा मध्य पाहावा आणि मगच साइटचे क्लिक (स्क्रूचे एकेक टप्पे) फिरवावेत. त्याच दिवशी पेलेट, ग्रिप आणि चापाचा ताण असे तिन्ही बदलले, तर सुधारणा किंवा बिघाड कशामुळे झाला, हे कोणालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत लिहावा.

देखभालीत होणारे अतिरेक

नळी रोज साफ करण्याची गरज नाही. हवाई बंदुकीत दारूची काजळी नसते, आणि लोखंडी गज किंवा तारेचा ब्रश घातल्याने नळीचे नुकसान होण्याचीच शक्यता अधिक. फेल्टचे छोटे बोळे पुरेसे असतात. स्प्रिंगच्या बंदुकीत घरातील शिवणयंत्राचे तेल ओतू नये. दाबाने तापलेल्या हवेत ते तेल पेट घेते, आवाज मोठा येतो, धूर दिसतो आणि सील खराब होते. अशी बंदूक पेलेटविना झाडणेही टाळावे, कारण पिस्टन थेट नळीच्या मागील भिंतीवर आदळतो. स्पर्धेच्या बंदुकीत ड्राय फायरची (पेलेट न घालता चाप दाबण्याची) वेगळी सोय असते. कोरडा सराव तीच कळ लावून करावा.

गच्चीवरील सराव

घरी सराव करणारे अनेकजण प्लायवूडवर किंवा भिंतीवर कागद चिकटवतात. कठीण, सपाट पृष्ठभागावरून पेलेट उलटून येतो, त्यामुळे पेलेट अडवणारी तिरकी पत्र्याची पेटीच वापरावी आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. शेजारच्या गच्चीकडे तोंड करून लक्ष्य कधीही लावू नये. पोपट, पारवे यांवर “नेम तपासणे” हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. बंदुकीला परवाना लागत नसला, तरी ती बंद पेटीत, बिल आणि संघटनेचे ओळखपत्र सोबत ठेवूनच रस्त्यावरून न्यावी. पेलेट शिशाचे असल्यामुळे सकाळचा सराव संपवून थेट पोहे-जिलेबीकडे वळणाऱ्या इंदूरकरांनी आधी साबणाने हात धुवावेत. पेलेट तोंडात धरण्याची सवय तर मुलांना लागूच देऊ नये.

स्पर्धेच्या दिवशी

स्पर्धेपूर्वी साहित्य तपासले जाते, आणि तेथे वाद घालून काही साधत नाही. एअर पिस्तुलाच्या चापाचा ताण किमान ५०० ग्रॅम असावा लागतो, म्हणजे चापाला टांगलेले तेवढे वजन तो न सुटता उचलला पाहिजे. नेमका ५०० वर लावलेला चाप वापरात किंचित ढिला होतो आणि वजन उचलत नाही, म्हणून ताण थोडा अधिक ठेवावा. न वापरला जाणारा डोळा झाकणारा ब्लाइंडर ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा. रायफलच्या जाकिटाचे कापड एकेरी २.५ मिलिमीटर आणि दुहेरी ५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. बंदूक फैरी झाडण्याच्या जागेबाहेर असताना नळीत सुरक्षा-दोरी (नळी रिकामी असल्याची खूण) असलीच पाहिजे.

टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल ऐन वेळी बिघडले, दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि ५७५ गुणांसह ती बारावी येऊन अंतिम फेरीला दोन गुणांनी मुकली. इतक्या वरच्या पातळीवरही यंत्र दगा देऊ शकते. साठ फैरींसाठी ७५ मिनिटांचा वेळ भरपूर वाटतो, पण बिघाडाच्या वेळी तो झपाट्याने सरतो. बंदूक अडली तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ती खाली ठेवावी, हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवावे आणि त्याच्या परवानगीशिवाय काहीही उघडू नये. पेटीत सुटे ओ-रिंग, चाव्यांचा संच, इलेक्ट्रॉनिक चाप असल्यास नव्या बॅटऱ्या आणि भरलेला दुसरा सिलिंडर असावा. शक्य असल्यास त्याच प्रकारचे दुसरे पिस्तूल किंवा रायफल तपासणीत आधीच मंजूर करून घ्यावी, कारण मंजुरी नसलेले शस्त्र बिघाडानंतर हाती असूनही लगेच वापरता येत नाही.