रियाजाच्या तानपुऱ्यासाठी घरचा अ‍ॅम्प्लिफायर

मोबाइलच्या अ‍ॅपमधला तानपुरा तसा बरा असतो, पण फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाची तार ऐकूच येत नाही. माझी भाची फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून रियाज करायची. त्याने आवाज वाढतो खरा, पण जवारीऐवजी (तारेच्या झणकारीऐवजी) पातेलंच बोलतं! मग मी तिला एलएम386 या आवाज वाढवणाऱ्या आठ पायांच्या आयसीवर एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर करून दिला. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून मी वर्षानुवर्षं हेच केलं, त्यामुळे काय विकत घ्यायचं यापेक्षा काय टाळायचं यावर जास्त बोलणार आहे.

पहिलं टाळायचं ते अ‍ॅडॉप्टर. घरच्या विजेची गुणगुण 50 हर्ट्झची, आणि साध्या अ‍ॅडॉप्टरमधून ती 100 ची होऊन येते, सोबत 200 आणि पुढचे सूर. आता भाची गाते काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. तिचा सा साधारण 208 हर्ट्झचा. म्हणजे 200 ची गुणगुण बरोबर शुद्ध नी आणि सा यांच्यामध्ये जाऊन बसते. गाणी ऐकताना हे खपून जातं, पण तानपुऱ्यामागे सतत बेसूर सा वाजला तर गळाही तिकडेच जाणार. म्हणून सहा पेन्सिल सेल, 9 व्होल्ट. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी नको. स्पीकरला लागणारा करंट तिला झेपत नाही आणि आवाज फडफडायला लागतो. शिवाय सेलवर काम केलं की नवशिक्याचा हात 230 व्होल्टच्या जवळपासही जात नाही.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मिळून जातं. एलएम386, आठ पायांचा आयसी बेस, झिरो पीसीबी (भोकाभोकांचा कोरा बोर्ड), 10 के चा पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण), 8 ओहमचा चार इंची स्पीकर, सहा सेलचं होल्डर, स्विच, 3.5 मिमीची पिन. कंडेन्सर 470, 100 आणि 10 मायक्रोफॅरडचे एकेक, 16 किंवा 25 व्होल्टचे. शिवाय 104 आणि 473 छापलेले छोटे कंडेन्सर एकेक. रेझिस्टन्स 1 के चे दोन, 10 ओहमचा एक. पॉट मागताना ‘ए10के’ म्हणा. दुकानदार बहुतेक वेळा ‘बी’ काढून देतो. तोही चालतो, फक्त सगळा आवाज सुरुवातीच्या पाव फेरीतच चढतो.

जोडणी अशी. फोनच्या पिनमधले डावा आणि उजवा एकमेकांना थेट जोडू नका. प्रत्येकाला एकेक 1 के लावून मग एकत्र करा आणि पॉटच्या एका टोकाला न्या. पॉटचं दुसरं टोक ग्राउंडला, म्हणजे सेलच्या मायनसला, मधला पाय आयसीच्या 3 नंबरला. 2 आणि 4 ग्राउंड. 6 ला सेलचा प्लस. 7 वरून 10 मायक्रोफॅरड ग्राउंडला, पट्टीची बाजू ग्राउंडकडे. 5 मधून 470 चा कंडेन्सर, प्लस आयसीकडे, आणि पुढे स्पीकर. बऱ्याच नकाशांत इथे 220 असतो, पण 8 ओहमच्या स्पीकरबरोबर तो 90 हर्ट्झपासूनच खर्ज कापायला लागतो. 5 वरूनच 10 ओहम आणि 473 एकामागे एक लावून ग्राउंडला न्या. हे दोघं नसले तरी कधी कधी आवाज येतो, पण आतल्या आत आयसी ऐकू न येणाऱ्या सुरात किंचाळत तापत राहण्याची भीती असते. 1 आणि 8 मोकळे ठेवा. मग सिग्नल 20 पट होतो, फोनला तेवढा भरपूर.

आता ग्राउंड. इथे घाई करू नका. मोठ्या आवाजात स्पीकरमधून तीन-चारशे मिलिअँपिअर परत येतात. तीच बारीक तार पॉटचं ग्राउंडही सांभाळत असेल, तर तारेवर पडणारे काही मिलिव्होल्ट इनपुटला मिळून पुन्हा 20 पट होतात, आणि डबा घोंघावायला लागतो. म्हणून सेलचा मायनस, स्पीकरचा मायनस आणि 4 नंबरचा पाय एकाच ठिपक्यावर आणा. पॉटची आणि पिनची ग्राउंड तार वेगळी काढून तिथेच टेकवा. 100 मायक्रोफॅरड आणि 104 आयसीला अगदी खेटून, 6 आणि 4 च्या मध्ये.

सोल्डरिंगला 25 वॉटचं आयर्न पुरे. आधी पाय आणि तांबं दोन्ही तापवा, मग सोल्डर वायर जोडाला लावा, आयर्नच्या टोकाला नाही. चांगला जोड चकचकीत असतो आणि पायाच्या कडेने चढत जातो. गोळी होऊन बसला तर पुन्हा तापवा. सोल्डरमध्ये शिसं असतं, हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

स्पीकर लगेच जोडायचा नाही. आवाज शून्यावर ठेवा, सेल घाला आणि मल्टिमीटरने 5 नंबर तपासा. साधारण 4.5 व्होल्ट, म्हणजे सेलच्या निम्मे दिसले की पुढे जा. शून्य किंवा पूर्ण 9 दिसले किंवा आयसी गरम लागला, तर लगेच सेल काढा आणि आयसी उलटा बसलाय का बघा. आयसीची खाच वर धरली की त्या कडेला डावीकडे 1 नंबर येतो.

उघडा स्पीकर पत्र्यासारखा वाजतो, कारण मागून निघालेली हवा पुढच्या हवेला मारते. प्लायवूडच्या बंद खोक्यात बसवा, मागे थोडा जुना कापूस. पत्र्याचा डबा नको, तानपुऱ्याबरोबर तोही झणझणतो. खर्ज किती आला ते खोकं घट्ट स्क्रू केल्यावरच कळतं.

रियाजाला बसताना फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच टिडिक-टिडिक ऐकू येईल. भाची आता एकतारीला पिझो चकती (कंपनं पकडणारी, माइकसारखी) लावून मागतेय. ती थेट या पॉटवर लावली तर खर्ज गायब होतो, मध्ये टीएल072 या आयसीचा बफर (चकतीवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा टप्पा) टाकावा लागतो. तो बोर्ड वेगळा करायचा आणि त्यालाही हेच सेल चालतात.